पडद्यावरचे वीस अंश

“कल्याणभाऊ, सगळं हिरवं आलं. झालं काम. आता चहा सांगा,” फोनवरून हरिओम म्हणाला.

“चहा मागून. आधी दार उघडून बघतो.”

“दाराचं काय काम? पडद्यावर वीस अंश दिसून राह्यलंय न.”

“पडद्यावर दिसून राह्यलंय. आत काय हाय ते बघतो.”

कल्याण खुर्चीतून उठला. जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीत तो एकोणीस वर्षांपूर्वी वायरमन म्हणून लागला होता. पुढे प्रयोगशाळेत संगणक आले. ते सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेही त्याच्याकडे आले. बियाणं किती टक्के उगवतं हे जिथे तपासत, त्या पुरुषभर उंचीच्या पोलादी कपाटाला सगळे जर्मिनेटर म्हणत. त्याचं तापमान राखणारा संगणक हाताला लागणारा नव्हता. मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारं ते आभासी मशीन होतं. जुना सर्व्हर थकला होता. हेड ऑफिसमध्ये बसून हरिओमने आज ते मशीन, चालतं तसंच, नव्या सर्व्हरवर हलवलं होतं.

“तीन दिवस थांबा,” असं कल्याणने दोनदा सांगितलं होतं. मशीनची आठवण तारेतून पलीकडे जाईल. पण हीटर चालू-बंद करणारं कार्ड वेगळं, त्याची आठवण त्याच्यापाशी. आतली परीक्षा संपू द्या, नाहीतर निदान हीटर हाताने बंद करून मग हलवा. प्रयोगशाळेचे प्रमुख अण्णासाहेब म्हणाले होते, “तारीख वरून आलीय.” मग कल्याणनेच कपाटाची तार जुन्या सर्व्हरच्या कार्डातून काढून नव्याच्या कार्डात खोचली आणि हिरवं येईपर्यंत कशालाही हात लावू नका, या हरिओमच्या सांगण्यावरून तो चाळीस मिनिटं बसून राहिला.

दार उघडताच धग तोंडावर आली. आत टांगलेल्या काचेच्या थर्मामीटरचा पारा अडतीसवर होता.

त्याने आधी हीटरचं बटण दाबून बंद केलं. मग पडदा पाहिला. वीस. मशीन शेवटचा वाचलेला आकडा मनात धरून पलीकडे पोहोचलं होतं आणि तो शिळा झालाय हे त्याला ठाऊक नव्हतं. नवं कार्ड कोऱ्या मनाने जागं झालं होतं. हीटर बंद ठेवायचा आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

कपाटात एकच लॉट होता. आष्टीच्या पुंजाराम शेतकऱ्याचं कपाशीचं बियाणं, नववा दिवस.

अण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “संगणकातली नोंद बघ. वीसची सरळ रेघ आहे.”

“ती रेघ खोटी हाय, साहेब.”

“चाळीस मिनिटांनी काय होतंय?”

“होतही नसंल काही. पण मला ते सांगता येत न्हाई. अन् तापमानाच्या कागदावर सही माझी असती.”

“सोमवारी खरेदीच्या मंजुरीची यादी बंद होतेय. पुन्हा लावलं तर बारा दिवस. त्या माणसाचा हंगाम घालवशील तू.”

“म्हणून तर वर फोन लावा. चूक आपली हाय. त्याच्या लॉटपुरती तारीख वाढवून मागा. तुम्ही न्हाई लावला तर मी लावतो.”

अण्णासाहेबांनी फोन उचलला. दहा मिनिटांनी म्हणाले, “बघू म्हणालेत.”

“लेखी मागा,” कल्याण म्हणाला आणि बाहेर गेला.

व्हरांड्यातल्या बाकावर पुंजाराम निकालाची चौकशी करायला सकाळपासून बसला होता. त्याने आणि त्याच्या बायकोने दोन महिने फुलाफुलाला हाताने पराग लावून ते बियाणं तयार केलं होतं. कल्याण शेजारी बसला आणि काही न लपवता त्याने सगळं सांगितलं.

पुंजाराम म्हणाला, “म्हंजे ताप आला तुमच्या डब्याला अन् इंजेक्शन माझ्या बियाला?”

“तसंच झालं, मामा.”

“उगवलं का पण?”

“उगवलं असंल. पण कशानं उगवलं हे मला छातीठोक सांगता यायचं न्हाई.”

“तू बोलला नसता तर मला कळलं असतं?”

“न्हाई.”

“यादीत येईल का मंग आता?”

“मागितलंय. कागद आल्याशिवाय मी हितून हालत न्हाई.”

“मंग मी बी हितंच हाय,” पुंजाराम म्हणाला.

आत नंदाबाई नव्या परीक्षेसाठी ओल्या कागदावर पन्नास-पन्नास दाणे मांडून त्याच्या गुंडाळ्या करत होती. हे काम ती कल्याणच्याही आधीपासून करत होती. कल्याणने कपाटातली पहिली गुंडाळी काढून टेबलावर उलगडली. पांढरे, सरळ, बोटभर कोंब.

“मोजू का?” नंदाबाई हळूच म्हणाली. “कुणाला न्हाई सांगणार. जिवाला बरं वाटंल.”

“नगं, बाई.”

काचेपलीकडे पुंजाराम येऊन उभा राहिला होता. कल्याणने गुंडाळी पुन्हा मिटली आणि टाकाऊच्या क्रेटमध्ये ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. शेवटची ठेवून झाल्यावर पुंजारामने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तो परत बाकावर जाऊन बसला.