शांताक्कांची पहार आणि बेलाचा खुंट

मी एक जुनी पहार आहे. कोल्हापूरजवळ कळंब्याच्या एका अरुंद गल्लीत, शांतादेवींच्या न्हाणीमागे, कुंपणाच्या भिंतीला टेकून मी उभी असते. अंगावर गंज चढला आहे. तो काथ्याने घासला तर निघेल. पण मित्रांनो, यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या हातून जे घडलं ते घासून जाणारं नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे. ऐकून घ्या, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

माझा जन्म हातकणंगल्याच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. मोडीत निघालेल्या ट्रकच्या आसाचं लोखंड तापवून, ठोकून त्याने मला एका बाजूला टोक आणि दुसऱ्या बाजूला पात काढली. शांतादेवींचे यजमान बाळाप्पा तेव्हा घर बांधत होते. बाजारात त्यांनी मला उचललं, दगडावर आपटून माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही पोरगी दमायची न्हाई."

खरंच दमले नाही. या घराचा पाया मी खणला. पुढे गल्लीत कुणाला मांडवाचे खांब रोवायचे असोत, नळाची पाइप पुरायची असो, नाहीतर चिरा हलवायचा असो, "बाळाप्पांची पहार आणा" असं म्हटल्याशिवाय कामाला हात लागत नसे. लोकांनी डोक्यावर घेतल्यावर लोखंडही फुगतं, माझंही तसंच झालं. मग बाळाप्पा गेले. गल्लीत विजेवर चालणारी ब्रेकर मशीनं आली. माझी आठवण कुणाला राहिली नाही, आणि मी न्हाणीमागे पडले ती पडलेच.

तिथून मला भिंतीपलीकडचं अंगण दिसायचं. ते धोंडीराम आणि मीनाबाई यांचं. त्यांच्या अंगणात एक बेलाचं झाड होतं, फार मोठं नाही, पण भरगच्च. मीनाबाईंच्या घरी बुद्धवंदना होते, बेलाच्या पानाचं त्यांना काही काम नाही. शांतादेवी मात्र लिंगायत, रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करणाऱ्या. बेलपानाशिवाय त्या चहासुद्धा घेत नाहीत. म्हणून मीनाबाई रोज अंगण झाडून झालं की काटे चुकवत तीन-तीन पानांची डहाळी तोडायच्या आणि ताटलीत घालून भिंतीवर ठेवायच्या. "अक्का, पानं ठेवल्यात," अशी हाक यायची. मग ताटली हातात धरून दोघींच्या गप्पा अशा रंगायच्या की इकडे शांताक्कांचं पूजेचं पाणी थंड व्हायचं.

या उन्हाळ्यात मीनाबाईंच्या मनालीचं लग्न ठरलं. मांडव दारातच. मांडववाला म्हणाला, झाड आड येतं. धोंडीरामांनी बायकोकडे पाहिलं. लग्नघरात माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. मीनाबाई म्हणाल्या, "पाडा की मग. पावण्यांच्या साड्या अडकतील काट्यात." करवतीचं यंत्र आलं आणि तासाभरात झाड आडवं झालं. राहिला तो घोट्याएवढ्या उंचीचा खुंट.

शांताक्का तेव्हा घरी नव्हत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला लेकीकडे निपाणीला गेल्या होत्या.

लग्न थाटात झालं. मांडव उतरला, पाहुणे गेले, आणि मग तो खुंट मीनाबाईंच्या डोळ्यांत सलायला लागला. झाडताना त्या त्याला वळसा घालून जायच्या. धोंडीराम म्हणाले, "अक्का यायच्या आत खुंट काढू आणि वरनं पेव्हिंग ब्लॉक बसवून घेऊ. इचारलंच तर सांगायचं, वळवाच्या वाऱ्यानं पाडला." मीनाबाई मान खाली घालून झाडत राहिल्या.

आता पुढची गोष्ट ऐका. या गल्लीची एक रीत आहे: दुसऱ्याच्या घरचं अवजार धन्याला विचारल्याशिवाय उचलायचं नाही. धोंडीराम रीतीला पक्के. त्यांनी माझ्यासमोर उभं राहून निपाणीला फोन लावला.

"अक्का, पहार नेऊ काय तुमची? एक खुंट काढायचाय."

"इचारायचं काय त्यात? न्या की!" पलीकडून शांताक्कांचा खणखणीत आवाज आला. "आधी भवतीची माती मोकळी करा. चांगलं पाणी मुरू द्या. मग एकेक मूळ तोडा, नुसतं उचकटत बसू नका, कंबर धरंल."

कोणता खुंट ते त्यांनी विचारलं नाही. धोंडीरामांनी सांगितलं नाही. आणि मी? मला सगळं ठाऊक होतं. तरीही कितीतरी काळाने माणसाचा हात अंगाला लागला आणि मी हरखले! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात. मी तर सगळीच लोखंडाची, पण ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरच्या पूजेचं झाड उपटायला मी हसत हसत गेले.

शांताक्कांनी सांगितलं होतं तसंच काम चाललं. माती मोकळी केली, पाणी मुरवलं, आणि माझ्या पातीने एकेक मूळ तुटू लागलं. ओल्या बेलाचा वास सुटला. खुंट डुगडुगू लागला. भिंतीकडे गेलेलं एक जाड मूळ तेवढं राहिलं. धोंडीरामांनी मला डोक्यावर उचललं, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

काळा चष्मा लावून शांताक्का उतरल्या. स्वतःच्या घरात न जाता त्या थेट मीनाबाईंच्या अंगणात आल्या. हातात साडीची पिशवी होती.

"मनालीच्या लग्नाला यायला झालं न्हाई गं. डाक्टरनं आज सोडलं बघ. ही साडी तिला..." त्या बोलता बोलता थांबल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे बारीक केले. "मीना, बेल कुठाय? का माझं डोळं अजून नीट झालं न्हाईत?"

"वळवाच्या वाऱ्यानं पडला ओ, अक्का," धोंडीराम घाईने म्हणाले.

"व्हय? लई वारं झालं व्हय इकडं?"

त्यांनी विश्वास ठेवला होता. तिथेच सगळं निभावून गेलं असतं. पण मीनाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "न्हाई अक्का. खोटं हाय ते. आम्ही पाडला. मीच म्हणलं, पाडा."

शांताक्कांनी खड्ड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जमिनीत रुतून जावं.

"झाड तुमचं. मी कोण बोलणार?" त्या म्हणाल्या. "पण पहारीसाठी निपाणीला फोन केलासा. बेलासाठी एक करायचा हुता की." मग त्यांचा आवाज चिरकला. "पाडला तर पाडला. खुंट तरी ठेवायचा. बेल मुळातनं फुटतोय गं, मीना! आता सगळी मुळं तोडलीसा व्हय?"

"एक हाय अजून," धोंडीराम पुटपुटले. त्यांनी मला हळूच जमिनीवर ठेवलं.

शांताक्कांनी पिशवी बाजूला टाकली आणि त्या खड्ड्याशी बसल्या. दोन्ही हातांनी त्या मुळावर माती ओढायला लागल्या.

"अक्का, वाकू नका, टाके हायत डोळ्याला..." मीनाबाई म्हणाल्या.

"गप बस. तू बी माती ओढ."

दोघींनी मिळून खड्डा बुजवला. मी शेजारी पडून होते. मला कुणी हात लावला नाही, आणि तेच योग्य होतं.

मित्रांनो, झाड पाडणं ही घाईतली चूक होती. ती तशीच उघडी ठेवली असती, तर पहिल्या पावसात तिला पालवी फुटली असती. झाकायला गेलो, म्हणून मुळं तुटली. कुणाकडे अवजार मागायला जाल तेव्हा ते कशावर चालवणार तेही सांगा. आणि हातून चूक झालीच, तर ती पुरायला मला शोधत येऊ नका. ज्याचं मन मोडलं, त्याच्या दारात आधी जा.

आता फुलवाल्याकडून आणलेली पानं मीनाबाई रोज भिंतीवर ठेवतात. शांताक्का ताटली उचलतात आणि आत जातात. गप्पा होत नाहीत. संध्याकाळी मीनाबाई खुंटाला बादलीभर पाणी घालतात, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज येतो, "फुटला काय गं?"

"न्हाई, अक्का. अजून न्हाई."

सध्या दोघींचं बोलणं एवढंच होतं.