आईच्या नावापुढची रेघ

केजमध्ये रुद्रेशनं नवंकोरं कॉम्प्युटर सेंटर टाकलं होतं. समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा फॉर्म त्यानंच बनवला, आणि मंगल कार्यालयात तो भेटेल त्याला ऐकवत होता, "छापखानेवाल्याला जमलं नसतं. सगळं एका पानात बसवलंय!"

त्याच्या धाकट्या बहिणीचा फॉर्म भरायला आई स्वतः बसली. साक्षरता वर्गात पाटीवर गिरवून गिरवून ती लिहायला शिकली होती, आणि पाटीवरचं ते ऐसपैस अक्षर अजून तसंच होतं. 'वडिलांचे नाव' यापुढं तिनं, तोंडानं कधी न घेतलेलं नवऱ्याचं नाव ऐटीत लिहिलं. मग 'आईचे नाव' यापुढं 'शिवगंगा' लिहायला घेतलं. 'शिव' लिहून झालं आणि रेघ संपली. पुढं त्याच ओळीत जन्मतारखेचा रकाना होता.

रुद्रेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फॉर्म बनवताना वडिलांच्या नावाला लांबलचक रेघ दिल्यावर मजकूर दुसऱ्या पानावर घसरला होता. तेव्हा कुठली रेघ तोडावी, याचा त्यानं क्षणभरही विचार केला नव्हता. आईच्या नावापुढची रेघ त्यानं बटण दाबून खुडत खुडत बोटभर करून टाकली होती.

"माजंच अक्षर लई मोठं हाय," शेजारच्या बायकांकडं बघत आई ओशाळं हसली.

"दुसरा फॉर्म देतो," तो पुटपुटला. पण गठ्ठ्यातला प्रत्येक फॉर्म तसाच होता.

"ऱ्हाऊ दे," तिनं पेनाला टोपण लावलं. "तुज्या बापाचं तर नीट बसलंय न्हवं?"