टीव्हीवरची भुरी

माझी बायको तुळसाबाई श्रावणात गेली. मला रडू आलं नाही. तेराव्यालाही नाही. लोक म्हणाले, जगदेवने मन घट्ट केलं. घट्ट कसलं, बधिर झालं होतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो ना, तसं.

दिवाळीला माझ्या मुलाने, गोविंदाने, शेलूबाजाराहून नवा टीव्ही आणला. भिंतीला टांगायचा, पातळ. जुना खोका भंगारवाल्याने उचलून नेला. आमची मांजर भुरी जन्मभर त्या खोक्यावर झोपलेली. तिची शेपटी पडद्यावर लोंबायची आणि मालिका बघता बघता तुळसा ती सारखी बाजूला करायची. नवा टीव्ही लागला तेव्हा भुरीने सवयीने वर उडी मारली आणि धपकन खाली आली. परत मारली, परत पडली. मग सेटटॉप बॉक्सवर बसून बघितलं, तर तो तळहाताएवढा. अर्धी मांजरही मावेना. गोविंदा हसला. मीही हसलो असेन, आठवत नाही.

त्यानंतर भुरीने दूध सोडलं. टीव्हीखालच्या रिकाम्या टेबलावर अंग चोरून बसायची. नव्या पडद्यावर चिमण्या नाचल्या तरी मान वर करायची नाही.

शेजारची रुखमाबाई आली. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मुकं जनावर हाय, पन माया पाहा कशी! तुळसाची याद करून राह्यली बिचारी."

ते गावभर झालं. बायका मांजर बघायला येऊ लागल्या. मला भुरीचा हेवा वाटला, साफ सांगतो. जे मी करायचं, ते ती करत होती. पण बरंही वाटलं. घरात कुणीतरी तुळसासाठी झुरतंय म्हटल्यावर माझी सुटका होती. मी रोज तिची बशी भरायचो, रोज भरलेलीच उचलायचो, आणि तेवढं मला पुरायचं.

थंडी वाढली. कोंबडीची पिल्लं मरू नयेत म्हणून माझ्या सुनेने, योगिनीने, ती लाकडी पेटीत ठेवली, आत पिवळा बल्ब लावला आणि झाकणावर पोतं टाकलं. एका सकाळी ती अंगणातून ओरडली, "मामाजी, धावा! भुरी पिल्लायवर गेली!"

मी काठी घेऊन धावलो. पिल्लं आत मजेत होती. भुरी वर, उबदार पोत्यावर, चारी पाय पसरून झोपली होती. योगिनीने दुधाची बशी पुढे सरकवली. भुरीने आळस दिला, बशी चाटूनपुसून संपवली आणि वर आणखी मागितलं.

"घ्या!" योगिनी हसत सुटली. "हिले थंडी वाजून राह्यली होती, मामाजी. जुना टीव्ही गरम राहे ना! आन् आमी समजलो, आत्याबाईची याद करते."

गोविंदाही हसला. काठी माझ्या हातातच होती. भुरी डोळे मिटून घुरघुरायला लागली, आणि मला कळलं की या घरात तुळसासाठी उपाशी राहणारं कुणीच नव्हतं.

दुपारी योगिनीने ताट वाढलं. भाकर, तुरीचं वरण, ठेचा.

"मले भूक नाई," मी म्हणालो.

ती बघतच राहिली. तुळसाला पोचवून आल्यावर शेजाऱ्यांनी आणलेलं जेवणसुद्धा मी पोटभर जेवलो होतो.