बोलणं तुटू नये म्हणून

झ्लातिना बल्गेरियाच्या राजधानीतून, सोफियाहून, नदीकाठच्या रुसे या आपल्या गावी परतली तेव्हा तिच्याकडे दोन बॅगा होत्या आणि कुणाला सांगावं असं काही नव्हतं. ज्या कंपनीत ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे अगदी तळच्या गाभ्यावर काम करायची, तिथला तो विभागच बंद झाला होता. त्यानंतरच्या प्रत्येक मुलाखतीत तिला एकच ऐकवलं गेलं, "हल्ली कर्नलमध्ये कोण डोकं घालतं? मशीन कमी पडलं तर मोठं भाड्यानं घ्यायचं." आईच्या बंद फ्लॅटमध्ये ती राहायला आली. दिवसभर बाल्कनीत बसून डॅन्यूबमधून जाणारी मालवाहू जहाजं बघायची. लॅपटॉप तिनं कपाटात स्वेटरांखाली ठेवून दिला होता.

सप्टेंबरातली सकाळ होती. इमारतीच्या सगळ्या बाल्कन्यांत हिवाळ्यासाठी लाल ढोबळ्या मिरच्या भाजणं चाललं होतं. खालच्या मजल्यावरच्या स्तोयनाकाकूंनी पाइपवर चमचा आपटला आणि वर बघून हाक मारली, "अगं, जरा खाली ये! तुझ्या काकांचं मशीन पुन्हा मुकं झालंय. ते त्याला अशा शिव्या घालतायत की मला खिडकी लावून घ्यावी लागली."

काका म्हणजे काकूंचे यजमान, रंगेलकाका. आयुष्यभर अकॉर्डियन शिकवलेला माणूस. डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि त्या आवाजाच्या आधारानं काका सगळी कामं करायचे. येत्या शनिवारी ते पहिल्यांदाच इंटरनेटवरून वर्ग घेणार होते. गावोगावचे अंध विद्यार्थी होते. काकांनी वाजवायचं, मशीननं ते साठवायचं आणि त्याच वेळी विद्यार्थ्यांचे निरोप वाचून दाखवायचे, असा बेत होता.

"ऐक," काका म्हणाले. त्यांनी दोन-चार ओळी वाजवल्या. मशीन बोलू लागलं, "नवीन... नवीन नि... निरो..." आणि गप्प झालं.

"आपल्या लोकनाचाच्या दोन-दोन-तीन ठेक्यात अडखळलं असतं तर त्यावर नाचलो तरी असतो. याला मेल्याला ठेकाही नाही!"

झ्लातिनानं मशीन तपासलं. मेमरी अगदीच तुटपुंजी होती आणि बोर्डावरच पक्की बसवलेली, त्यामुळे वाढवायची सोय नव्हती.

"काका, मेमरी भरली की कर्नल त्यातलं काही सामान डिस्कवर नेऊन ठेवतो. डिस्क हळू. किती सामान हलवायचं, ते ठरवणारा एक आकडा असतो."

"मग कमी कर तो आकडा. कशाला हलवतो उगाच?"

"तेच करते." सगळे तेच करायचे. तिनं आकडा पार खाली आणला.

काकांनी पुन्हा वाजवायला घेतलं. या वेळी मशीननं पहिला शब्दही धड उच्चारला नाही.

"वा!" दारातून स्तोयनाकाकू म्हणाल्या. "आता खरंच शांत झालं घर."

काका हसले, पण अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावरून काढून ठेवताना त्यांचा चेहरा उतरला होता. झ्लातिनाला ते बघवलं नाही. मुलाखत घेणाऱ्यांचंच बरोबर असावं, असं मनात घोळवत ती जिने चढली. पण घरी आल्यावर वेगळंच काहीतरी डोक्यात भुणभुणू लागलं. सुधारलं नाही, हे समजण्यासारखं आहे. पण बिघडलं का? तिनं स्वेटर बाजूला सारून लॅपटॉप काढला.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली ती कपाटातून लॅपटॉप काढल्याचं सांगत आणि प्रश्न घेऊनच. "काका, आवाज नेमका कुठे तुटतो? शब्दाच्या मध्ये की आधी?"

काकांनी थोडा विचार केला. "दोन तऱ्हा आहेत. एक छोटी अडखळ, नवा शब्द येण्याआधी. नुकताच ऐकलेला शब्द मात्र चटकन यायचा. काल तू हात लावलास आणि तोही उशिरा येऊ लागला. दुसरी म्हणजे लांबच लांब शांतता. ती वाजवायला लागल्यावर थोड्या वेळानं येते, जाते, पुन्हा येते."

झ्लातिना खुर्चीतून उठलीच. "काका, चूक माझी! नुसतं पडून असलेलं सामान हलवायला मी कर्नलला जवळजवळ बंदी घातली. मग जागा करायला त्यानं काय टाकलं? जे डिस्कवरून पुन्हा वाचता येतं ते. म्हणजे तुमच्या मशीनचा आवाजच! प्रत्येक शब्दाला तो पुन्हा शोधून आणत होता."

"म्हणजे अडगळ घरात आणि गाणारा बाहेर?"

"अगदी!"

तिनं आकडा उलट दिशेला, मूळ होता त्याच्याही वर नेला. न वापरलेलं सामान खुशाल डिस्कवर जाऊ दे, आवाज मेमरीत राहू दे. लांब शांततेचंही कारण तिला उमगलं. वाजवलेलं सगळं मेमरीत साचत राहायचं आणि मग एकदम डिस्कवर ओतलं जायचं. तेवढा वेळ बाकी सगळं खोळंबायचं. त्यासाठी दुसरी एक मर्यादा होती. ती तिनं इतकी कमी केली की साचायच्या आत थोडंथोडं लिहिलं जाईल.

मग काका वाजवत गेले आणि ती आकडे बदलत गेली. पडद्यावरच्या आलेखांपेक्षा काकांचा कान तिला जास्त उपयोगी पडत होता. "आता बरं. नाही, शेवटाला अजून ओढतोय. हां... हां, थांब! आता हात लावू नकोस." मशीन सलग बोलत होतं, अकॉर्डियन वाजत असतानाही. काकूंनी बनित्साचं, चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीचं, ताट टेबलावर ठेवलं आणि तिथेच बसून ऐकू लागल्या.

शनिवारी वर्ग सुरू झाला. काकांनी एकेकाला नावानं हाक मारली, चुकलेल्याला थांबवलं, एकाला "बोटं आहेत की लाकडं?" म्हणून रागावले. वर्ग संपत आला तेव्हा विदिन गावच्या त्सोन्का नावाच्या बाईंनी विचारलं, "सर, तुमचं मशीन मध्ये अडकत कसं नाही? माझं तर तासाला दहादा मुकं होतं. जुनंच आहे, दुसरं मिळेल असं नाही."

"माझंही," आणखी कुणीतरी म्हणालं. मग आणखी दोघं.

काकांनी मान झ्लातिनाच्या दिशेनं वळवली. ती भिंतीशी उभी होती, तिच्या श्वासावरून त्यांना कळत असावं.

"काय गं? लॅपटॉप परत कपाटात ठेवायचा की विदिनचं मशीन बघायचं?"

झ्लातिना पुढे आली, माइकजवळ वाकली. "त्सोन्काताई, नमस्कार. मी झ्लातिना. मला आधी एवढंच सांगा, तुमचा आवाज शब्दाच्या मध्ये तुटतो की आधी?"

पलीकडून त्सोन्काताई म्हणाल्या, "हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं. थांबा हं, ऐकून सांगते."