मुलुखियेत सोलं

परीक्षा नेहमी मुलीचीच. मुलगा नुसती दाढी करून आला तरी पास.

माझी भाची नाझिया कुवेतमध्ये फहाहीलच्या एका क्लिनिकात दातांची डॉक्टर आहे. दिवसभर अनोळखी माणसांच्या जबड्यात हात घालते, रडणाऱ्या पुरुषांना गप्प बसवते. आणि तिची लायकी ठरणार होती पातेलंभर पाल्यावर.

आतिफ मिसरी, म्हणजे इजिप्तचा. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनीअर. अक्कलदाढ काढायला आला आणि नंतर दाढ नसतानाही येत राहिला. वर्षभराने दोघांनी घरी सांगितलं. माझी बहीण ताहिरा दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "निदान पोरगा नमाजी आहे." तिचा नवरा महबूब म्हणाला, "आणि पगारी." झालं, आमच्याकडून होकार.

मग त्याची आई मिसरातल्या तांता शहरातून मुलगी बघायला कुवेतला आली. तिने निरोप धाडला: शुक्रवारी जेवायला येते, मुलीच्या हातची मुलुखिया खाईन.

मुलुखिया म्हणजे एक पालेभाजी. पाला अगदी बारीक चिरायचा, कोंबडीच्या रश्शात सोडायचा, वरून लसूण-धण्याची फोडणी. शिजली की तिला तार सुटते. भेंडीला सुटते तशी, पण भेंडी लाजेल एवढी. मिसरी माणूस त्या तारेवर जीव टाकतो.

"मी का करू?" नाझिया म्हणाली. "आय हेट कुकिंग, अम्मी. त्याला माहीत आहे."

"त्याला माहीत असून काय उपयोग? त्याच्या आईला माहीत व्हायला नको."

आपाने, म्हणजे ताहिराने, आठवडाभर फोनवर व्हिडिओ बघून घराचं मिसर करून टाकलं. गाजर-सलगमाचं लोणचं बरण्यांत घातलं. व्हिडिओतली बाई सांगायची की फोडणी ओतताना बाईने जोरात श्वास आत ओढून 'हाऽऽ' करायचं, दचकल्यासारखं, नाहीतर मुलुखिया जमत नाही. या दचकण्याला ते शहका म्हणतात. आपा रिकाम्या पातेल्यासमोर उभी राहून शहक्याची तालीम करायची. पहिल्या दिवशी बाजूच्या फ्लॅटमधले दीनानाथ दार वाजवून विचारून गेले, "भाभी, सगळं ठीक ना?"

महबूबभाईंना स्वयंपाकघरातून हाकलण्यासाठी त्यांच्याकडे दुक्का दिला. तीळ, धणे, जिरं आणि शेंगदाणे भाजून जाडसर कुटायचे, मीठ घालायचं, पोळी तेलात बुडवून त्यात लावून खायची. भाई खूश. "ही तर आपली सुकी चटणी गो! यात थोडा जवळा घालू का?"

"जवळा घातलात तर मी माहेरी जाईन," आपा म्हणाली.

"माहेर रत्नागिरीत आहे. तिकीट काढू?"

पण त्यांनी खलबत्त्यात कुटला मात्र झकास. मी उभ्या उभ्या अर्धी वाटी खाल्ली.

शुक्रवारी मी मंगाफचं शिवणाचं दुकान बंद ठेवून सकाळीच गेले. नाझियाने पाला चिरला, रश्शात सोडला, फोडणी ओतली. तोंड गच्च मिटून.

"शहका!" आपा ओरडली.

"नो, अम्मी. मी नाटक करणार नाही."

"अगो, नुसतं हाऽऽ म्हणायचंय!"

"पेशंटचं तोंड उघडायला मी हाऽऽ म्हणते. भाजीला म्हणणार नाही."

पण तार सुटली. हिरवीगार, चकचकीत. मी डाव उचलून बघितला, तार चुलीपासून माझ्या कोपरापर्यंत. आपा समाधानाने कपडे बदलायला गेली, नाझियाही गेली, मी सरबताच्या मागे लागले. तेवढ्यात महबूबभाई जुम्याची नमाज पढून घरी आले आणि झाकण उचलून बघून गेले. मला वाटलं, भूक लागली असेल.

पाहुणे आले. आतिफची आई, म्हणजे उम्म आतिफ, दारातून आडवी आत आली. हातात बांगड्या कोपरापर्यंत. आपाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, माझे घेतले, नाझियाला आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मग मुका घेतला. कापड घेताना मी ताका उलटा करून बघते ना, तसं. आतिफ खुर्चीच्या कडेवर बसला. एवढा उंच माणूस, पण आईशेजारी चमच्याएवढा.

बाई अरबी बोलत होती. नाझिया कुवेतमध्येच वाढलेली, ती आमच्यासाठी सांगत होती. मला दुकानापुरतं कळतं.

भात, भाजलेली कोंबडी, लोणचं, दुक्का. बाईने पोळीचा तुकडा तेलात बुडवून दुक्क्यात लावला, खाल्ला. पुन्हा लावला. आपाने मला कोपर मारलं. मग मुलुखिया आली.

आपाने डाव घातला आणि तिचा चेहरा उतरला. वर पाणी, तळाला पाला. रंग गवत कुजल्यावर होतो तसा. तार नावालाही नाही.

बाईने एक चमचा खाल्ला. डोळे मिटले. ओठ आत गेले.

"आंबट," ती म्हणाली. मग नाझियाकडे वळून, "शहका केला होतास?"

"नाही," नाझिया म्हणाली.

बाईने मान अशी हलवली की जणू सगळं कळलं. आपा माझ्या कानात पुटपुटली, "मी सांगितलं होतं गो. हाऽऽ म्हणायला काय झालं होतं हिला?" म्हणजे आईसुद्धा पलीकडच्या पार्टीत! नाझिया लालबुंद. आणि महबूबभाई कोंबडीचा पाय असा मन लावून चावत होते, जणू पोटासाठी तेवढंच उरलंय.

तेवढ्यात बाईने किंकाळी फोडली. तिच्या भातात काहीतरी काळं, चपटं, ओलं. तिने खुर्ची मागे सारली. आतिफ उठून उभा राहिला. "झुरळ!" हे मलासुद्धा अरबीत कळलं.

"झुरळ नाही!" महबूबभाईंनी हात लांब करून ते काळं उचललं, तोंडात टाकलं आणि चघळलं.

बाई भिंतीला टेकली.

"सोल आहे," भाई म्हणाले. "सोल. कोकम."

"मुलुखियेत कोकम कोणी घातलं?" आपाने विचारलं. आवाज इतका शांत की मला भीती वाटली.

"पाच-सहाच घातली. बुळबुळीत झाली होती गो! भेंडीला घालतो की आपण, तार जाते. पाहुण्यांच्या ताटात शेंबूड वाढायचा का?"

नाझियाने हे सगळं आतिफच्या आईला सांगितलं. शेंबूड तेवढा गाळला.

बाई बसली, पाणी प्यायली, मग म्हणाली, "तार हीच तर मुलुखिया. तार काढली तर उरतो पाला. बापाने घातलं, ठीक. पण मुलीला कळायला हवं होतं, पातेल्यापासून हलू नये. मी पुढच्या आठवड्यात घरी जाते. मुलीने शिकावं. ईदनंतर बघू."

'ईदनंतर बघू' म्हणजे काय ते कुठल्याही भाषेत कळतं. नाझियाने हे सांगताना आवाज नीट ठेवला, पण तिचा हात टेबलक्लॉथचा कोपरा पिळत होता. आणि आतिफ? आतिफ भाताकडे बघत होता. भातात काय लिहिलं होतं कोण जाणे.

माझं डोकं सणकलं.

"नाझिया, विचार तिला," मी म्हणाले. "तुझ्या पोराला येते का मुलुखिया?"

"खाला, राहू दे."

"विचार. आणि एक शब्द गाळलास तर बघ."

तिने विचारलं. बाई हसली. "तो मुलगा आहे."

"मला दिसतंय मुलगा आहे. इथे नऊ वर्षं एकटा राहतोय, काय खातो?"

आतिफ हळूच म्हणाला, "सँडविच."

"आणि तू मघापासून जो दुक्का हाणत्येस," मी बाईला म्हणाले, "तो कुणी कुटला?"

नाझियाने हेही जसंच्या तसं सांगितलं, 'हाणत्येस'सकट, मला खात्री आहे. बाईचा तुकडा वाटीवर थांबला. तिने नाझियाकडे बोट केलं. मी महबूबभाईंकडे केलं. बिचारे अजून सोल चघळत होते.

"हा?"

"हाच. झुरळवाला."

आपा म्हणाली, "नूर, गप." पण आता नाझिया बोलायला लागली होती, थेट अरबीत, आणि नंतर आम्हाला मराठीत, कदाचित स्वतःच्याच धीरासाठी. "मी तिला म्हटलं, मला आतिफ हवाय. मुलुखियेची परीक्षा नकोय. आज शहका, उद्या दुसरं काही. मला नाही आवडत स्वयंपाक, मी खोटं बोलणार नाही. त्याला मुलुखिया खायची असेल तर त्याने करावी. मी खाईन. तार असली तरी खाईन."

 

बाई आतिफकडे वळली. "तू काय म्हणतोस?"

त्याने घाम पुसला. माणूस रिफायनरीत आगीशी खेळतो आणि इथे आईसमोर पाणी पाणी. मला वाटलं, आता हा पुन्हा भातात तोंड घालणार आणि मी त्याला डाव फेकून मारणार.

"उद्या मला सुट्टी आहे, मामा," तो म्हणाला. तिकडे आईला मामा म्हणतात. "नाझियाला ड्युटी आहे. मला शिकव."

"पाला कोण निवडणार?"

"मीच."

"भांडी?"

 भांड्यांचा विचार त्याने केला नव्हता. "...मी."

बाईने त्याला मघा नाझियाला पाहिलं तसं पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. आपला मुलगा एवढा मोठा झालाय, हे तिला बहुतेक पहिल्यांदाच दिसत होतं. मग तिने तो तुकडा दुक्क्यात घोळवून तोंडात टाकला आणि नाझियाला विचारलं, "तुला क्लिनिकातून रजा कधी मिळते?"

"नोव्हेंबरात."

"मग नोव्हेंबर."

आतिफ एवढ्या जोरात उठला की लोणच्याची बशी त्याच्याच मांडीवर आली. नाझिया हसत होती आणि डोळे पुसत होती.

"नोव्हेंबरात?" आपा म्हणाली. "अहो, पण नोव्हेंबरात गावची माणसं कशी येणार—"

मी तिला टेबलाखालून लाथ घातली.