डोळ्यातलं धुकं

दिग्विजय हे लिहिणारच नव्हता. धुळाला 'डोळा एक नंबर हाय गड्या' एवढं पाठवून मोकळा होणार होता, गेले तीन महिने पाठवायचा तसंच.

धुळा आटपाडीकडचा, मेंढरं राखणारा. सांगलीत डोळ्याच्या दवाखान्यातल्या बाकावर दोघांची गाठ पडली. दुखणं एकच. बुबुळावरचा काचेसारखा पडदा पातळ होऊन टोकदार व्हायला लागलेला. दिग्विजयचा नंबर आधी, तीन महिन्यांमागं लागला. डॉक्टरांनी लेसरनं पडदा सारखा केला, मग पिवळे थेंब घालून निळ्या उजेडाखाली घट्ट केला. धुळाचं आता येत्या सोमवारी होतं, आणि तो म्हणालेला, तुझं बघूनच मी टेबलावर झोपणार.

दिग्विजयचं ऑपरेशन झालं तवा घरची सगळी तिकडं तमिळनाडूत सेलमला, सोनं गाळायच्या त्यांच्या गलाईच्या दुकानात. विट्याचं घर रिकामं. डोळ्यात मिरची पडल्यागत आग, आणि थेंब घालायला कोण न्हाई. निम्मे थेंब गालावरनं वघळायचे. पाच दिवस तो फॅनशी बोलला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज धुळानं मोबाईलवर बोलून निरोप धाडला. "खरं सांग रं. मला मेंढरू तोंडावरनं वळखावं लागतं."

मग त्यानं लिहिलं. तुकड्या-तुकड्यानं.

'धुकं हाय. उजव्या डोळ्यात.'

'कसोटीवरचा सोन्याचा कस अजून कळत न्हाई.'

'काल डॉक्टरनी फोटो दावला. पडद्याच्या आत पांढरी रेघ. तिच्या वरचं घट्ट झालंय. टोक वाढायचं थांबलंय, हे नक्की. धुकं बहुतेक इरंल म्हणाले. कवा, किती, त्याचा शब्द न्हाई.'

'गाळताना तेजाबातनं, ॲसिडातनं काढलेलं सोनं चिखलागत दिसतं. नवखा फेकून देतो. डोळ्याचंबी तसंच, मी अजून फेकलं न्हाई.'

दिग्विजयला वाटलं, आता हा टेबलावर झोपत न्हाई. मग फोनच आला.

"तीन महिने खोटं बोललास व्हय रं?"

"व्हय."

धुळानं शिवी दिली. मग म्हणाला, ऑपरेशन करतो, पण घरची माणसं मेंढरं घेऊन लांब गेल्यात, सांगलीत खोलीवर एकटाच असणार.

"सोमवारी मी येतो. पाच दिस ऱ्हातो."

"तू? थेंब नाकात घालशील माझ्या."

"डावा डोळा धड हाय. चुकला तर दुसरा घालीन. पर तुला एकट्याला ठेवणार न्हाई. शब्द दिला, गड्या."