तेरावीचा वर्ग

"वरची ती खोली कायम बंद का असते?" आलिमाने विचारलं.

हफीजा तिला औषधांचं कपाट दाखवत होती. जेद्दातल्या त्या जर्मन शाळेत हफीजा बरीच वर्षं नर्स होती. आता ती जागा सौदी मुलीला द्यायची ठरली होती. आलिमाला काम शिकवायचं आणि मुरूडला परतायचं.

"तेरावीचा वर्ग होता तो. जर्मनीत शाळेचं एक वर्ष कमी केलं, तसं इथंही. आता बारावी झाली की थेट युनिव्हर्सिटी."

"चांगलंच की मग!"

हफीजाचा नवरा नसरुद्दीनही असंच म्हणाला होता. त्यांचा मुलगा सुफियान तेव्हा याच शाळेत बारावीत होता. "एक वर्स वाचला गो पोराचा!" म्हणत त्याने शेजारीपाजारी मिठाई वाटली. हफीजाला मात्र तो आणखी वर्षभर घरात हवा होता. त्याला अजून धड भात लावता येत नव्हता. पण थांबवणार कुठे? पुढे वर्गच नव्हता.

शेवटची तेरावी आणि त्याची बारावी एकदमच बाहेर पडल्या. तो शिकायला जर्मनीत गेला, तर तिथंही तेच, मुलं दुप्पट, वसतिगृहं भरलेली. सुफियानला शहरापासून लांब एका खेड्यात खोली मिळाली. तो सायकलने कॉलेजला जायचा. डिसेंबरात रस्त्यावर बर्फ गोठलं, सायकल घसरली आणि मागून ट्रक आला. त्याला तिकडेच दफन केलं.

तेव्हापासून मधल्या सुट्टीत हफीजा चावी घेऊन वर जायची. हे वर्ष तो इथं बसला असता, एवढंच तिच्या मनात असायचं. ते वर्ष सरलं, तरी ती जातच राहिली.

 हे सगळं ऐकून आलिमा हळूच म्हणाली, "मी ती खोली उघडी ठेवत जाऊ?"

"नको. त्याला वर्दळ आवडत नाही."

निघायच्या दिवशी नसरुद्दीन तिला न्यायला आला आणि पहिल्यांदाच जिना चढून त्या वर्गात गेला.

"यल्ला, हफीजा, चल. टॅक्सी थांबलीय खाली."

"बसा जरा."

तो अवघडून तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. थोड्या वेळाने मागे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नसरुद्दीन दचकून वळायला लागला.

हफीजाने त्याचा हात धरला. "मागं बघू नका. बघितलं की जातो."

त्याने मान तशीच ठेवली. समोर कोरा फळा होता. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि ती दोघं ताठ बसून राहिली.